बंदराची झोप

नवऱ्याचा आजार सरकारने रद्द केल्याची बातमी मला भर लिलावात कळली.

समोर सुरमईचा ढीग, भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचं, वाशीचं आणि दुबईचं गिऱ्हाईक, आणि माझा आवाज टिपेला पोचलेला. वेळशी बंदरात बोली पुकारायचं काम माझं. यंत्रही पुकारू शकतं, पण यंत्राला शिव्या देता येत नाहीत, म्हणून मच्छीमार सोसायटीने मला ठेवलंय. तेवढ्यात हरेशने मागून माझा पदर ओढला. लिलावात कधी माझ्या आसपास न फिरकणारा माझा नवरा मोबाइल नाचवत उभा होता, आणि हसत होता.

मी आधी त्याचे डोळे बघितले. जास्त चमकत नाहीत ना, ते. मग विचारलं, "गोळी घेतलीस सकाळची?"

"घेतली गं. हे वाच आधी."

वाचलं. पुढच्या महिन्यापासून मनोविकारांची जुनी नावं बाद. त्या नावांमुळे ज्यांच्यावर बंदी घातली होती, त्यांचा नव्याने विचार. संबंधितांनी तालुक्याच्या केंद्रात जाऊन आपला मनोलेख काढून घ्यावा. आणि बाद झालेल्या नावांत आमचं 'बायपोलर'ही होतं.

"म्हणजे तू बरा झालास?"

"तसं नाही लिहिलेलं. नुसतं नाव गेलंय."

पडद्यावरून दुबईवाला "बाई, बोली! बोली!" करून बोंबलत होता. "थांब रे बाबा," मी त्याला म्हणाले, "माझ्या घरातलं कोणीतरी गेलंय." लिलावातले सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

ते नाव बारा वर्षं आमच्या घरात राहत होतं. हरेश तेव्हा तिशीचा, बंदरातला सगळ्यात तरुण तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, त्याच्या शब्दावर बोट निघते आणि त्याच्या शब्दावर परत फिरते. एका उन्हाळ्यात त्याची झोप उडाली. आधी बरं वाटलं, काय कामाचा माणूस मिळालाय म्हणून मीच मिरवत होते. मग तो रात्रंदिवस बोलायला लागला, मधेच गायला लागला, जेवण सुटलं. आणि वादळाचा बावटा लागलेला असताना एकटाच बोट घेऊन निघाला. पश्चिमेला नवा मासा लागलाय, तो मलाच बोलावतोय, म्हणाला. तटरक्षक दलाने तिसऱ्या दिवशी आणला. आमची तन्वी, आता शहरात शिकायला असते ती, तेव्हा चार वर्षांची होती, माझ्या कडेवरून बापाला बघून रडायला लागली. तिने त्याला ओळखलंच नाही.

मग दवाखाना, मग ते नाव, आणि मग सोसायटीचा नियम: या नावाच्या माणसाला तांडेल होता येत नाही. बोट धाकट्या दिराकडे, योगेशकडे गेली. हरेश धक्क्यावर बसून जाळी विणू लागला. दुसऱ्यांच्या बोटी जाताना बघायचा आणि मान खाली घालून गाठी मारायचा. गोळी रोज घेतो. तेव्हापासून पुन्हा कधी तसं झालं नाही. का झालं नाही, विचारा. मी होऊ दिलं नाही. कालवण खारट झालं असं तो जरा आवाज चढवून म्हणाला, तरी मी उठून गोळ्यांचं पाकीट तपासायचे. दर तासाला फोन: कुठे आहेस, काय करतोस, कोणाशी बोलतोस. बंदरात मला सगळे म्हणायचे, दर्शना आहे म्हणून हरेश आहे. आणि मला ते ऐकायला आवडायचं.

आता सांगा, ते नावच नव्हतं म्हटल्यावर माझं डोकं फिरणार नाही?

तालुक्याच्या केंद्रात डॉक्टर नाझनीन मुकादम होत्या. दाभोळच्या बाजूच्या, आमच्याच पट्ट्यातल्या, बोलायला मोकळ्या. मी खुर्चीत बसायच्या आधीच तोंड सोडलं. "डॉक्टरबाई, बारा वर्षं मी कोणाशी भांडले ते सांगा."

त्यांनी चहा मागवला. "दर्शनाताई, ताप हा आजार आहे का?"

"ताप कसला आजार? आत काहीतरी असतं म्हणून ताप येतो."

"बरोबर. पण कधीकाळी डॉक्टर तापालाच आजार म्हणायचे. रोज येणारा ताप, दिवसाआड येणारा ताप, अशी नावं होती. मग कळलं, एक मलेरिया आहे, एक टायफॉइड. मनाच्या बाबतीत आम्ही कालपरवापर्यंत तापावरच अडकलो होतो. मोठी मोठी माणसं एकत्र बसली, लक्षणं मांडली, आणि ठरवलं की नऊपैकी पाच जुळली तर हे नाव, चार जुळली तर नाही. एकाच नावाची दोन माणसं समोर बसायची आणि दोघांत जेमतेम एखादी गोष्ट सारखी असायची. एकाच माणसाला तीन डॉक्टर तीन नावं द्यायचे. नावं होती म्हणून उपचार सुरू झाले, हे खरं. पण निसर्गाने काही ती नावं घालून दिलेली नव्हती, ती आम्हीच घातली होती."

"आणि आता?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक पट्टा काढला. कानामागून जाणारा, मऊ, रबरी. "हा मेंदूची लय वाचतो, हृदयाचे ठोके वाचतो, झोप वाचतो. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत घालायचा. मग आम्ही सहा धागे बघतो: झोपेची लय, उत्साह, भीती, लक्ष, विचारांची जुळणी आणि माणसांशी असलेलं नातं. कुठला धागा ताणलाय, कुठला सैल आहे, एवढंच सांगतो. हे बदलतं, म्हणून दर वर्षी बघायचं. आणि कोणाचाही लेख कोरा नसतो. माझाही नाही."

"माझा असेल," मी म्हणाले.

डॉक्टरबाई नुसत्या हसल्या. मग हरेशकडे वळून म्हणाल्या, "त्रास खरा होता, हरेशभाऊ. गोळीही खरी आहे, ती चालूच राहील. फक्त एका शब्दावरून तुमचं सगळं आयुष्य ठरवायचं, ते आता बंद."

हरेशने पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्याने एकच विचारलं. "मग तांडेलकी परत मिळेल?"

आत्तापर्यंत मी नावावर चिडले होते, पण खरं काय ते मला त्या खुर्चीत कळलं. मला तो समुद्रावर नको होता. नाव गेलं तर माझ्या हातातला दोर गेला, एवढंच माझं दुःख होतं.

"लेख चांगला आला तर मिळेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पहिला लेख चांगला आला नाही. पाच धागे ठीक आणि झोपेचा लालभडक. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं, खोटं का सांगू?

डॉक्टरबाई मात्र पडद्याकडे बघत बसल्या. "यांची झोप रोज पाऊण तास पुढे सरकतेय. दिवसातून दोन तुकड्यांत. यंत्राला शिकवलंय की अशी सरकती झोप म्हणजे उन्मादाची पहिली खूण. पण शिकवलंय कोणाच्या झोपेवरून? शहरातल्या, दार लावून, अंधार करून झोपणाऱ्या माणसांच्या. माझे आजोबा असेच झोपायचे, सरकत सरकत."

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. भरती आल्याशिवाय बोट आत येत नाही की बाहेर जात नाही. आणि भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. म्हणून आमचं उठणं, जेवणं, लिलाव, लग्नाची बोलणी, सगळंच रोज तेवढं सरकतं. बोट येईल तेव्हा सगळं बंदर जागं आणि बोटी गेल्या की सगळं बंदर आडवं. जाळी विणणारा माणूसही त्यातून सुटत नाही, कारण फाटकी जाळी बोटीबरोबरच येतात.

"नव्या वर्गवारीत एक चांगली सोय केलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माणसाला जगाशी ताडून बघायचं नाही, त्याच्या माणसांशी ताडायचं. त्याला आधाररेषा म्हणतात. वेळशी बंदराची आधाररेषा काढू. मी चाळीस पट्टे देते. घरटी एक. हरेशभाऊंचं घर सोडून चाळीस माणसं तयार करा."

चाळीस! बंदरात चार मिळाली असती तर शपथ. हरेश घरोघर फिरला. लोक पाट देत होते, चहा देत होते, आणि पट्टा नको म्हणत होते. त्याला बंदरात 'वेड्याचा पट्टा' नाव पडलं होतं. मला काय, बरंच होतं. मी गप्प होते.

पण एका दुपारी लिलावाच्या शेडमध्ये बर्फवाला दत्ता सगळ्यांदेखत म्हणाला, "आज पट्टा घालतील, उद्या आम्हालाही हरेशसारखं धक्क्यावर बसवतील." आणि हरेश तिथेच उभा होता, हातात त्या पट्ट्यांची पिशवी घेऊन. त्याने पिशवीची गाठ परत बांधली.

माझ्या नवऱ्याला मी काय वाटेल ते बोलेन. दुसऱ्याने बोललेलं मला खपत नाही. मी बोलीच्या फळीवर चढले.

"ए दत्ता! गेल्या वर्षी तुझी बर्फाची बोट खडकावर बसली तेव्हा पाण्यात उतरून दोर कोणी बांधला? हरेशने. तेव्हा विचारलंस, की तू शहाणा का वेडा? आणि तू गं, सुरेखा, तुझ्या सासऱ्याचं जाळं वर्षानुवर्षं कोण विणून देतो? वेड्याने विणलेलं जाळं चालतं, त्यातला मासा चालतो, आणि वेड्याचा पट्टा चालत नाही होय? कान काय सोन्याचे आहेत तुमचे?"

मग लीलाआक्का उठल्या. वय सत्तरीच्या पुढे, बंदरातल्या सगळ्यांच्या थोरल्या. कमरेवर हात ठेवून आल्या आणि पिशवीत हात घातला. "आण रे इकडे. माझं डोकं फिरलेलं आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, आता सरकारलाही कळू दे."

त्या हसल्या तशी शेड हसली. संध्याकाळपर्यंत पिशवी रिकामी झाली. आणि घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतलाय.

महिना उलटला. पट्टे परत गेले. आणि डॉक्टरबाईंचा फोन आला. आवाज असा की हसताहेत की रडताहेत ते कळेना. "दर्शनाताई, मी चाळीस माणसं मागितली होती. चाळीस पट्ट्यांत मला शंभराच्या वर माणसं सापडताहेत. हा काय प्रकार आहे?"

प्रकार साधा होता. आमच्याकडे बोटीवर जागा माणसाची नसते, घराची असते. बापाला बरं नसलं तर मुलगा जातो, मुलाचं लग्न असलं तर मेहुणा. त्याला बदली म्हणतात. जागा रिकामी ठेवायची नाही, नाहीतर घराचा वाटा बुडतो. डॉक्टरबाई घरटी एक म्हणाल्या आणि लोकांनी पट्ट्यालाही तोच नियम लावला. पुरुष समुद्रावर गेले की बायका घालायच्या. बायका लिलावाला आल्या की सासू घालायची. लीलाआक्का मुंबईला लेकीकडे गेल्या तेव्हा शेजारणीला घालून गेल्या. कोणी म्हणतं एका घरात बोकडालाही घातला होता, पण ते मी मानत नाही.

मला सांगायला काय, आमच्या घरातही तेच झालं होतं. बंदराशी ताडून बघायला हरेशलाही दुसऱ्यांदा पट्टा दिला होता. फाटलेली जाळी फार झाली की राखणीला तो शेडवर झोपायला जायचा, आणि ओलाव्याने खराब होईल म्हणून पट्टा घरी खुंटीला लावून जायचा. खुंटीला कशाला रिकामा ठेवायचा? मी घालायचे. त्यात काही लबाडी आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आम्हाला दोघांना बोलावलं. "बंदराचं काम पुन्हा करू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यात काही बिघडलं नाही. पण तुमचा पट्टा बघून मी तुम्हाला मुद्दाम बोलावलं. यात दोन माणसं आहेत."

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक संथ, हलकेच वरखाली होणारी. दुसरी बघवत नव्हती.

"हे पहिलं माणूस शांत आहे. दुसरं माणूस झोपेत एकदाही तळाशी गेलेलं नाही. जरा डोळा लागला की दचकतं, परत लागला की परत दचकतं. भीतीचा धागा इतका ताणलेला मी या तालुक्यात बघितला नाही. आणि हे आजचं नाही, वर्षानुवर्षांचं असावं."

मी हरेशकडे वळले. "बघ! मी सांगत होते की नाही? हा माणूस बोट चालवणार, म्हणे! डॉक्टरबाई, तुम्हीच समजवा त्याला."

हरेश माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला विचित्र वाटलं.

"दर्शनाताई," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "मेंदूची लय प्रत्येकाची वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी. हरेशभाऊंची लय माझ्याकडे पहिल्या लेखापासून आहे. ते शांत माणूस म्हणजे हरेशभाऊ."

"मग दुसरं कोण?"

पंखा फिरत होता. मी उगाच पदर नीट केला, मग परत नीट केला. "यंत्र बिघडलंय तुमचं," मी म्हणाले. "मी धडधाकट आहे. लिलाव चालवते मी. बंदर गाजवते."

"धडधाकट आहातच. तरी झोपलेल्या नाही आहात."

"मग नाव सांगा. मला काय झालंय त्याचं नाव सांगा."

"नाव नाही, ताई. आता नावं नाहीत."

आणि मला इतकं, इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. नाव असतं तर उद्या लिलावात कोणीतरी ते पुकारलं असतं. सासरी-माहेरी कळलं असतं. मी ओरडले असते तर लोक म्हणाले असते, वाढलं वाटतं हिचं. आणि त्याच दमात मला आठवलं की हे सगळं मी बारा वर्षं हरेशबरोबर केलं होतं. जाता येता. कालवणाच्या मिठावरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, जाळं पसरून बसला होता, तिथे मी जेवणाचा डबा घेऊन गेले आणि परत न येता बसून राहिले.

"तू बाहेर पडल्यावर डॉक्टरबाई अजून एक म्हणाल्या," मी म्हणाले. "तुझ्या रेघेत मधेच जाग येते, पण अंग हलत नाही. झोपेचं सोंग घेतल्यासारखं, म्हणाल्या."

त्याने सुई खाली ठेवली. "तू माझ्या नाकाशी हात धरतेस. श्वास किती जोरात चाललाय ते बघायला. मला जाग येते. पण मी हललो तर तू उठून बसतेस, दिवा लावतेस, डोळे बघतेस. म्हणून मी नीट, एकसारखा श्वास घेत पडून राहतो. तुझं समाधान होईपर्यंत."

"बारा वर्षं?"

"मग काय करणार? तुला तेवढीच जरा झोप लागते."

काय बोलणार अशा माणसाला! मला वाटत होतं मी त्याला राखतेय. आणि हा गाढव मी झोपावं म्हणून झोपल्याचं नाटक करत पडून राहायचा. मी रडले, सरळ भोकाड पसरून रडले, आणि पुळणीवर सुकट वाळवणाऱ्या बायका बघताहेत म्हणून त्यालाच ओरडले, की बघ, लोकांना तमाशा दाखवतोस.

"तू नको म्हणालीस तर मी बोटीवर जाणार नाही," तो म्हणाला.

"माझ्यावर ढकलू नकोस हं!"

"ढकलत नाही. पण तांडेलाच्या बायकोने बोटीच्या तोंडाला कुंकू लावल्याशिवाय आपल्याकडे बोट हलत नाही. तू मनापासून लावणार नसशील तर मला नको."

"तुला काय हवंय ते बोल ना एकदा. बारा वर्षांत मी विचारलं नाही, ते आता विचारतेय."

त्याने पाण्याकडे बघितलं. "मला समुद्र हवाय. आणि घरी आलो की तू भांडायला हवीस. राखण करायला नको."

पुढचे काही महिने मी झोपायला शिकत होते. हसू नका, डॉक्टरबाईंकडे त्याची शिकवणी असते. दचकून जाग आली की हात पुढे करायचा नाही, आपल्याच पोटावर ठेवायचा आणि आपलाच श्वास मोजायचा. पहिल्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंना फोनवर काय काय बोलले ते त्या सभ्य आहेत म्हणून कोणाला सांगत नाहीत. दर तासाचे फोन दोन तासांनी झाले, मग दिवसातून चार. एकदा मी दुपारपर्यंत फोन केलाच नाही, तर हरेश धावत घरी आला, तुला बरं आहे ना म्हणून.

बंदराची आधाररेषा दुसऱ्यांदा काढली तेव्हा लीलाआक्का काठी घेऊन घरोघर फिरल्या. "ज्याचा पट्टा त्यानेच घालायचा, नाही तर तंगडं मोडीन." या वेळी चाळीस पट्ट्यांत चाळीसच माणसं निघाली. आणि त्या चाळिसांची झोप एकमेकांबरोबर सरकत होती, रोज पाऊण तास, भरतीच्या मागे मागे. डॉक्टरबाईंनी तो पडदा आम्हाला शेडमध्ये आणून दाखवला. बर्फवाला दत्ता बघत राहिला आणि म्हणाला, "आयला, मी पण?" हरेशची रेघ त्या सगळ्यांच्या बरोबर मध्ये होती. शोधायला गेलं तर सापडत नव्हती. पुढे शेजारच्या तीन बंदरांनी पट्टे मागवले, आणि आता दिल्लीची समिती किनारपट्टीसाठी वेगळी रेषा धरते, असं डॉक्टरबाई सांगतात.

हरेशला दाखला मिळाला. वर्षाने पुन्हा लेख. अटी दोन. गोळी चुकवायची नाही. आणि बोटीवरून घरी दिवसातून एकच फोन, दिवेलागणीला, तोही त्याने करायचा. घरून बोटीवर फोन करायचा नाही. ही दुसरी अट कोणासाठी आहे ते मला कळलं होतं.

भरती त्या दिवशी दुपारची होती. योगेशने बोट धुऊन, रंगवून ठेवलेली. "वहिनी, कुंकू सांडतंय," तो म्हणाला. "तुझं काम बघ," मी म्हणाले. बोटीच्या तोंडाला मी कुंकू लावलं, हळद लावली, फूल ठेवलं. मनापासून लावलं का? अर्ध्या मनाने. उरलेलं अर्धं मन भीतीने भरलेलं होतं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की तेवढं असू दे, तेही तुमचंच आहे.

हरेशने सुकाणू धरलं. बॅटरीच्या बोटी आवाज करत नाहीत, नुसतं पाणी फाटत गेल्यासारखं वाटतं. त्याने वळून बघितलं आणि मी त्याचे डोळे बघितले. चमकत होते. चमकू देत, म्हटलं. बारा वर्षांनी समुद्रावर निघालेल्या माणसाचे डोळे चमकणार नाहीत तर काय!

बोट वाळूच्या बांधापलीकडे गेली. मी घरी आले. मोबाइल समोर ठेवला. दिवेलागणीला अजून वेळ होता. जरा पाठ टेकते म्हणून चटईवर आडवी झाले. पंख्याची घरघर, बाहेर कोणाच्या तरी कोंबड्या, आणि पोटावर माझा हात.

"दर्शे! ए दर्शे! दार उघड गो!"

लीलाआक्का दारावर धपाधप मारत होत्या. मी धडपडत उठले. घरात मिट्ट अंधार, बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले. दार उघडलं तर आक्कांच्या मागे दत्ता, सुरेखा, अर्धी आळी.

"काय झालं? बोटीला काही झालं का?"

"बोटीला काय होतंय! तुझा नवरा बोटीवरून सगळ्या गावाला फोन करतोय. तू उचलत नाहीस म्हणून त्याचा जीव जायची पाळी आलीय. घे, बोल."

आक्कांचा मोबाइल मी कानाला लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्यात हरेशचा.

"दर्शना? कुठे होतीस? काय झालं? बरी आहेस ना?"

गालावर चटईचे वळ उठले होते, ते हाताला लागत होते.

"झोपले होते," मी म्हणाले.

पलीकडे कोणाला तरी, बहुतेक योगेशला, तो तोंड बाजूला करून सांगत होता ते ऐकू आलं, "झोपली होती रे. झोपली होती." सगळी बोट हसली. तो हसत नव्हता, मला माहीत आहे, डोळे पुसत असणार.

"बरं," तो परत फोनवर येऊन म्हणाला. "मग उठलीस कशाला? झोप जा."

मी आक्कांचा मोबाइल परत दिला, आळीला घरी पिटाळलं आणि परत चटईवर पडले.